सात चाळीसचा फोटो

१

फाइल जागेवर होती. आतले कागद मात्र मी ठेवलेले नव्हते.

सोमवारी सकाळी साडेनऊला कारकुनाकडून कपाट उघडून घेऊन मी निळी फाइल टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दहाला सुनावणी होती, म्हणून सगळं पुन्हा एकदा नीट वाचायला बसले. पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

‘मी क्लबच्या धुलाईघरातली कामगार. लिहून देते की शनिवारी संध्याकाळी सात पस्तीसला मी साबणाच्या पाण्यावरून घसरून पायऱ्यांवर पडले आणि माझं उजवं मनगट मोडलं. चूक माझी आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली रविवारची तारीख आणि झोकदार सही. मागे टाचणीने लावलेला एक फोटो होता. त्यात धुलाईघराच्या ओल्या पायऱ्या, उपडी बादली, एकाच पायाची चप्पल आणि बाजूला कपडे वाळवायचं मोठं मशीन. मशीनच्या दारावर एक काळी पट्टी. कोपऱ्यात छापलेली वेळ: शनिवार, ७.४०.

मी त्या फाइलीत काय ठेवलं होतं ते मला पाठ आहे. धुलाईघरातल्या मावशीचा जबाब, की तीन आठवड्यांपूर्वी सामना हरल्यावर, सात दहाच्या सुमाराला, संघाच्या कप्तानाने वाळवणी मशीनचं दार तिच्या हातावर आपटलं. आणि संघाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, की हाड चेचून मोडलंय. दोन्ही गायब. तक्रार आल्याची नोंद मोठ्या वहीत होती, ती कुणाला पुसता येणार नव्हती. म्हणून हे करणाऱ्या महाभागाने तक्रारीचाच गळा दाबला होता. रविवारी ‘चूक माझी’ लिहून दिलं आणि बुधवारी कप्तानावर तक्रार केली, म्हणजे बाई खोटारडी!

मी कोण, ते सांगते. मला सगळे शिट्टीबाई म्हणतात. एकोणीस वर्षं या फुटबॉल लीगमध्ये रेफरी होते. गुडघा कामातून गेला तेव्हा मला ‘शिस्त अधिकारी’ नावाची खुर्ची देण्यात आली. ही खुर्ची बसायला नसून दाखवायला आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण दाखवायचे दात असले तरी कधीतरी चावून बघायला काय हरकत आहे?

आमच्या लीगचे नियम फार गोड. तक्रारीच्या कागदांची प्रत काढायची नाही, काढली की ती वर्तमानपत्रात जाते म्हणे. आणि तक्रार खोटी ठरली तर करणाऱ्याला लीगच्या सगळ्या मैदानांचे दरवाजे कायमचे बंद. मावशीने बावीस वर्षं त्या धुलाईघरात काढली होती.

कपाटाची एकुलती एक किल्ली आमच्या कारकुनाकडे असते. त्याला हाक मारली.

“बाई, किल्ली माझ्या गळ्यात असते,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “आंघोळीलासुद्धा काढत नाही. बायको हसते मला. तुम्ही सांगितल्याशिवाय कपाट उघडलेलं नाही, मुलांची शपथ.”

माणूस भित्रा, पण खोटं बोलायला लागणारी अक्कल त्याच्याकडे नाही. म्हणजे बंद कपाटातून जबाब गेला होता आणि उघडणारं कुणीच नव्हतं.

२

अध्यक्षांच्या दालनात गेले तर तिथे पॉलिश आधीच हजर.

पॉलिश म्हणजे लीगचा प्रतिमाप्रमुख. कुठलाही डाग पुसून चकचकीत करतो म्हणून हे नाव, आणि त्याला ते आवडतं. अध्यक्षांची दुपारी मुलाखत होती, त्यासाठी तो टेबल लावत होता. माझ्या हातातला चहाचा फ्लास्क त्याने हळूच काढून घेतला.

“बाई, हा दुसऱ्या कंपनीचा. आपल्या प्रायोजकाने बघितलं तर माझी खैर नाही.” आमची प्रायोजक कंपनी घरगुती वस्तू बनवते, फ्लास्कपासून मिक्सरपर्यंत. दुसऱ्या कुणाचं नाव लीगच्या चित्रात दिसलं की गदारोळ होतो. पॉलिशने खिशातून काळी टेप काढली, छोट्या कात्रीने तुकडा कापला, त्याचं एक टोक त्रिकोणी दुमडलं आणि कंपनीच्या नावावर दाबून बसवला.

“आता मुलाखत माझी आहे का?” मी म्हटलं.

“सवय, बाई. आधी टेप, मग कॅमेरा. माझी माणसं नुसतीच चिकटवतात, मग काढताना नखं तुटतात. टोक दुमडलं की दोन बोटांत धरता येतं. मी कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ.”

मी फाइलीचं सांगितलं. अध्यक्ष कपाळाला हात लावतील असं वाटलं होतं, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“म्हणजे ती स्वतःच पडली! सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.”

“साहेब, हा कागद बनावट आहे. खरा जबाब तिने माझ्यासमोर दिलाय.”

“उद्या कागद बोलेल, बाई, तुम्ही नाही. पत्रकारांना बोलावलंय, सगळं उघड्यावर होऊ दे. आणि हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकायला मनगट धड लागतं, साहेब.”

पॉलिश खाकरला. विषय बदलायला तो तरबेज. “तुमचा शुक्रवारचा फोटो फार छान आलाय हं,” म्हणत त्याने एक पोस्टर उलगडलं. लीगचा कोट घातलेली मी, मागे उघडं कपाट, शेजारी कुंडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘तक्रार करा. आम्ही ऐकतो.’ शुक्रवारी अर्धा तास पॉलिशने आणि त्याच्या माणसांनी माझे फोटो काढले होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. एकोणीस वर्षांत माझा फोटो कुणी काढला असेल तर शिव्या घालायला.

दारातून बाहेर पडताना अध्यक्षांनी मागून हाक मारली. “बाई, सात वर्षांपूर्वी तुम्ही समजूतदारपणा दाखवला होता. तसाच दाखवा.”

माझा दुखरा गुडघा तिथेच ठणकला. सात वर्षांपूर्वी एका सामन्यात, त्रेसष्टाव्या मिनिटाला, हाच कप्तान एकोणीस वर्षांचा असताना त्याने कोपराने समोरच्या खेळाडूचा जबडा फोडला होता. मी पाहिलं होतं. वहीत पेन्सिलने लिहिलंही होतं. नंतर याच दालनात बसून मी ते अहवालातून वगळलं. पोरगा गुणी आहे, आयुष्य बरबाद होईल, खेळाचं नाव खराब होईल. त्या रात्री जेवणावर माझी वासना नव्हती, एवढंच काय ते प्रायश्चित्त.

तेव्हा लिहिलं असतं तर आज मावशीचा हात शाबूत असता. या वेळी मी मागे हटणार नव्हते, खुर्ची गेली तरी.

३

धुलाईघर स्टेडियमच्या पोटात आहे, सात पायऱ्या उतरून. तीन मशीनं धडधडत होती, तरी मी वरच्या पायरीवर असतानाच आतून आवाज आला, “या, शिट्टीबाई. गुडघा जास्त दुखतोय का आज? पाय ओढताय.”

कान म्हणजे कान मावशीचे! स्टुलावर बसली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. काम बदली बाई करत होती आणि मावशी तोंडाने मशीन चालवत होती.

“घरी बसवत नाही. सून वेणी घालते, भरवते, सगळं करते. पण ती वेणी इतकी घट्ट घालते की भुवया कपाळावर जातात.”

मी दार लोटलं, खोटा कबुलीजबाब तिला वाचून दाखवला आणि फोटोचंही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती डाव्या हाताने प्लास्टर कुरवाळत राहिली.

“पुन्हा सांग, मावशी. पहिल्यापासून.”

“सांगते की. अकरा सामने जिंकले तोवर त्याने मोजे धुऊ दिले नाहीत. जिंकत असताना मोजे धुतले की नशीब धुतलं जातं म्हणे. अहो, मोजे उभे राहायचे आपले आपण! मग डॉक्टर म्हणाले, त्याच्या पायाला बुरशी आलीय, उकळून धू. मी धुतले. नेमका बारावा सामना हरले. सात दहाला तो खाली आला. ओरडला. मी मशीनमधून टॉवेल काढत होते. हात आत होता माझा. त्याने दार आपटलं.”

“आणि सात पस्तीसला?”

“तेव्हा मी डॉक्टरांच्या गाडीत होते. दात दाबून.” मग हळूच म्हणाली, “बाई, माझी घरमालकीणसुद्धा म्हणाली, तुझंच काहीतरी चुकलं असेल. शेजारणी म्हणतात, एवढा मोठा खेळाडू, तो कशाला तुझ्या वाटेला जाईल. तुम्हाला तरी खरं वाटतंय ना?”

“वाटतं. आणि उद्या ते त्यांना म्हणायला लावणार आहे, भर सभेत.”

“नोकरी गेली तर जाईल. पण खोटारडी म्हणून नाही जायचं मला इथून. सून माझ्या नातीला काय सांगेल?”

मी उगाच इकडेतिकडे बघू लागले. समोर ते वाळवणी मशीन होतं. दारावर कंपनीचं नाव, चंदेरी उठावाची अक्षरं, मावशीने बावीस वर्षं पुसून लखलखीत ठेवलेली. पण अक्षरांच्या कडेला एक चिकट चौकोन होता, त्याला कपड्यांचं तूस लागलेलं.

“हे काय चिकटलंय?”

“कुणास ठाऊक! आठ दिवस झाले, बदली बाईला रोज घासायला लावते. गरम मशीनवर काहीतरी चिकटवून काढलंय कुणीतरी. आम्ही कशाला चिकटवू? इथे काळं कुत्रं फिरकत नाही, फोटो काढायला येतंय कोण?”

मी पर्समधून फोटो काढला आणि मशीनशेजारी धरला. पायऱ्या त्याच होत्या, बादली तीच, मशीनही तेच. पण फोटोतल्या मशीनला नावच नव्हतं.

४

टेप! नाव झाकायला लावलेली टेप. पण उडी मारून निकाल लावणारी मी नव्हे. फुटबॉलच्या मैदानावर टेप नसलेला माणूस शोधून दाखवा.

डॉक्टरांच्या खोलीत तर टेपची रास होती. पांढरी, रुंद. ते कुणाच्या तरी घोट्याला गुंडाळत होते. तो खेळाडू जाईपर्यंत मी थांबले आणि मग दार लावून घेतलं.

“तुमची चिठ्ठी नाहीशी झालीय. दुसरी द्या.”

“बाई, मला नीट आठवत नाही. पडल्यामुळेही असं हाड मोडू शकतं.” बोलताना त्यांची नजर कात्रीवर होती.

“मोजे उकळायला तुम्ही सांगितलं होतं ना?”

त्यांनी कात्री उचलून परत खाली ठेवली.

“तुमच्या सांगण्यावरून तिने ते केलं आणि हात तिचा मोडला. तुम्ही गाडीतून नेलंत, म्हणजे माणुसकी आहे. आता आठवत नाही, म्हणजे करार संपत आलाय. बरोबर?”

ते खुर्चीत बसले. “पुढच्या महिन्यात,” म्हणाले. “मला दोन मुली आहेत, बाई.”

“मावशीला नात आहे. मला फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. प्लास्टर कधी घातलं?”

मग त्यांनी खणातून आपली डायरी काढली आणि उघडून माझ्यापुढे सरकवली. शनिवार, साडेआठ. उजवा हात, बोटांच्या पेरांपर्यंत.

म्हणजे रविवारी ती झोकदार सही करणारा उजवा हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. माझ्यासमोर तिने डाव्या हाताने सही केली होती, कावळ्याने पाय उमटवावेत तशी. बनवणाऱ्याने पगारपत्रकावरची जुनी सही गिरवली होती. कागद खोटा ठरला, पण एवढ्याने भागणार नव्हतं. ‘खोटा तर खोटा, पण कप्तानाने मारलं कशावरून,’ असं अध्यक्ष विचारणार हे मला ठाऊक होतं.

कप्तान सरावाच्या मैदानावर बाकावर बसून मोजे वर ओढत होता. क्लबच्या निळ्या टेपने त्याने नडगीभोवती वेढे घेतले आणि टेप दातांनी तोडली. टोकं फाटकी, लोंबकळणारी.

“सात पस्तीसला तू कुठे होतास?”

“पत्रकारांसमोर,” तो पाठ केल्यासारखं म्हणाला. “साडेसात ते आठ. थेट प्रक्षेपण होतं. सगळ्यांनी पाहिलंय.”

“आणि सात दहाला?”

“पत्रकारांसमोर. साडेसात ते आठ.” तो माझ्याकडे बघत नव्हता. मग अचानक मान वर करून म्हणाला, “तिचा हात बरा आहे का?”

“नाही.”

त्याचे ओठ हलले, पण मैदानाच्या दारात पॉलिशची सावली दिसली आणि ते मिटले. मी उठले. फोटो आणि कबुलीजबाब, दोन्हींत वेळ का बदलली ते आता लख्ख दिसत होतं. सात दहाचे सात पस्तीस केले की कप्तान हजार लोकांच्या डोळ्यांसमोर. यापेक्षा पक्का पुरावा देवाच्या बापालाही देता आला नसता.

५

“ते प्रक्षेपण लावा,” मी कारकुनाला म्हटलं.

दुपारचे तीन वाजले होते. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. कप्तान दिसला, मान खाली, उत्तरं तुटक. मी वेळेचा आकडा बघत होते. सात पस्तीस. सात अडतीस. सात चाळीस.

“थांबवा.”

कारकुनाने थांबवलं. मी उठून पडद्याजवळ गेले, मग टेबलावर येऊन भिंगाखाली सात चाळीसचा फोटो धरला. मशीनवरची काळी पट्टी नीट बघितली, डावीकडून उजवीकडे. उजव्या टोकाशी भिंग थांबलं.

मग एव्हाना भिंतीवर लागलेल्या त्या पोस्टरकडे गेले. ‘आम्ही ऐकतो.’ मागे कपाट उघडं.

“शुक्रवारी हे कपाट कुणी उघडलं?”

“मीच की! तुम्हीच म्हणालात, फोटोत फायली दिसू देत.” कारकून गोंधळला. “तुम्ही सांगितल्याशिवाय कधीच...”

“हो, हो. आणि मी कोट घालायला शेजारच्या खोलीत गेले तेव्हा तुम्ही इथेच होतात?”

“नाही, मला पॉलिशसाहेबांनी कुंडी आणायला पाठवलं होतं. वऱ्हांड्यातून.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्याच खोलीत, माझ्याच हौसेपायी. स्वतःला दोन सणसणीत शिव्या घातल्या आणि कामाला लागले.

“उद्या सुनावणीच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या कोण ठेवतं?”

“मीच. आपल्या प्रायोजकाच्या.”

“उद्या दुसऱ्या कंपनीच्या ठेवा. लेबल ठळक असेल अशा. कुणी विचारलं तर म्हणा, आपल्या संपल्या.”

“बाई, माझी नोकरी...”

“जाईल तर माझी जाईल. मी सांगितलं म्हणा. ते खरंच आहे.”

६

मंगळवारी दहाला सभागृह भरलं होतं. समोर अध्यक्ष आणि दोन सदस्य, एका बाजूला कप्तान, डॉक्टर आणि पॉलिश, दुसऱ्या बाजूला मावशी आणि तिची सून. मागे पत्रकार आणि कॅमेरे.

अध्यक्षांनी तो कबुलीजबाब वाचला. मावशी ताठ बसून ऐकत होती. भुवया कपाळावर, वेणी घट्ट.

“शिस्त अधिकाऱ्यांना काही सांगायचंय?”

“सांगायचंय,” म्हणत मी उभी राहिले. “आधी सही. मावशी, या कोऱ्या कागदावर तुमची सही करा.”

तिने डाव्या हातात पेन धरलं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर ओढत. कावळ्याचे पाय उमटले. मी तो कागद कबुलीजबाबाशेजारी ठेवला आणि डॉक्टरांकडे पाहिलं. मला भीती होती तेवढी त्यांनी वेळ लावली नाही. उठले आणि डायरी घेऊन पुढे आले.

“शनिवारी साडेआठला प्लास्टर घातलंय. रविवारी ही सही त्या हाताने होणं शक्य नाही. हाड पडून मोडलेलं नाही. चेचलेलं आहे.” करार पुढच्या महिन्यात संपणार होता. पण बोलले.

मागे कुजबुज झाली. अध्यक्ष घाईने म्हणाले, “बरं, कागदाची चौकशी करू. पण फोटो तर आहे. सात चाळीस. आणि त्या वेळी कप्तान थेट प्रक्षेपणात, सगळ्यांसमोर होता.”

“होता. फोटोत मशीनवर काळी पट्टी आहे. मशीनच्या कंपनीचं नाव झाकलंय. धुलाईघरात कुणी नाव झाकत नाही, तिथे कुणी फोटोच काढत नाही. झाकायची सवय एकाच खात्याला आहे. आधी टेप, मग कॅमेरा.”

पॉलिश हसला. “बाई, टेप काय, कुणीही लावेल.”

“डॉक्टरांची पांढरी असते. खेळाडू दातांनी तोडतात, टोकं फाटकी राहतात. ही काळी, कात्रीने कापलेली, आणि उजवं टोक त्रिकोणी दुमडलेलं. साहेब, भिंग घ्या. आणि दुमडणारा एकच आहे, त्याची माणसंसुद्धा दुमडत नाहीत. हे तोच मला काल सांगत होता.”

“हा काय पुरावा झाला?” पॉलिश म्हणाला. “असा त्रिकोण माझाच कशावरून?”

“साहेब, तुमच्यासमोरची बाटली बघा.”

अध्यक्षांनी बघितलं. दोन्ही सदस्यांनी बघितलं. तीन बाटल्या, तीन काळ्या पट्ट्या, तीन दुमडलेले त्रिकोण. सकाळी सव्वानऊला पॉलिश आत आला, परक्या कंपनीचं लेबल दिसलं, आणि कॅमेरे लागायच्या आत त्याने ती झाकली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते केल्याचं आठवतही नसावं. आता तो त्या बाटल्यांकडे असा बघत होता जणू त्या बोलायला लागल्यात.

“आता वेळ,” मी म्हटलं आणि कारकुनाला खूण केली. पडद्यावर प्रक्षेपण आलं. सात चाळीस. समोर कप्तान, आणि त्याच्या खांद्यामागे, स्वच्छ दिसणारा, पॉलिश. “फोटो याने काढला, आणि सात चाळीसला हा इथे उभा होता. मग सात चाळीस खरे कसे? फोटो नंतरचा आहे, आठ-दहा दिवसांपूर्वीचा, कॅमेऱ्याचं घड्याळ मागे फिरवून काढलेला. मशीनवर चिकटा अजून आहे. कप्तान सगळ्यांना दिसावा म्हणून याने ही वेळ निवडली. स्वतःही दिसतोय, हे विसरला. आणि शुक्रवारी माझा फोटो काढायच्या निमित्ताने, मी कोट घालत असताना, जबाब बदलला.”

“कुणाच्या सांगण्यावरून?” मागून एका पत्रकाराने विचारलं.

पॉलिशने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी टेबलाकडे. “मला कुणी सांगावं लागत नाही,” पॉलिश अखेर म्हणाला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. “पंधरा वर्षं हेच करतोय. डाग दिसला की झाकतो.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. “प्रकरण गंभीर आहे. उरलेलं आपण बंद खोलीत...”

“थांबा,” मी म्हटलं. पर्समधून माझी जुनी वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. “सात वर्षांपूर्वीचा सामना. त्रेसष्टावं मिनिट. याच खेळाडूने एकाचा जबडा फोडला. मी पाहिलं, लिहिलं, आणि साहेबांच्या दालनात बसून अहवालातून वगळलं. माझ्यावरही कारवाई करा. पण इथे, दार उघडं ठेवून.”

कॅमेरे एकदम पुढे सरसावले. मी कप्तानाकडे वळले. तो सवयीने पॉलिशकडे बघत होता, काय बोलायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून. पॉलिशची नजर बाटल्यांवरच होती. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्या पोराला स्वतःचं वाक्य स्वतः शोधावं लागलं.

“दार मी आपटलं,” तो म्हणाला. “हात दिसला होता मला.” मग मावशीकडे वळून, “मी माफी मागायला येणार होतो. म्हणाले, तिकडे जायचं नाही.”

मावशीने मान हलवली नाही. सुनेने तिचा डावा हात धरला.

तिघं अर्धा तास आपसांत बोलले. मग अध्यक्ष उभे राहिले. कप्तान उरलेल्या हंगामासाठी बाहेर, मनगट बरं होईपर्यंत मावशीला पूर्ण पगार, पॉलिश निलंबित, आणि शिस्त अधिकाऱ्यांची चौकशी. शेवटची ओळ त्यांनी कागदात नाक खुपसून, घाईघाईने उरकली: “धुलाईघरातल्या बाईंची तक्रार खरी आहे, त्या खोटं बोललेल्या नाहीत.”

लोक उठायला लागले.

“अहो साहेब,” मावशी म्हणाली. “ते शेवटचं परत वाचा. जरा मोठ्याने. बावीस वर्षं मशीनच्या आवाजात काढली, मला कमी ऐकू येतं.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

उठलेले लोक पुन्हा बसले. अध्यक्षांनी कागद सरळ केला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं ते वाक्य परत वाचलं.